मागच्या लिफ्टची बाजू

ललिताअक्काचा बेड सोमवारी खिडकीपाशी होता. गुरुवारी दुपारी केतकी बिराजदार पुण्याहून लातूरला पोचली, तेव्हा तो वॉर्डाच्या मधोमध आला होता, आणि ते अक्काच्या लक्षात आलं होतं.

"माझा बेड सरकायलाय," अक्का म्हणाली. बोलताना तिला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागत होता. "दुपारचा डोळा लागतो, उठते तर वरचं छत निराळंच. कुठं न्यायलेत मला?"

"तपासणीच्या खोल्या जवळ पडाव्यात म्हणून हलवतात गं."

"तपासणीच्या खोल्या त्या अंगाला आहेत." अक्काने हात न उचलता नुसत्या डोळ्यांनी पुढचं दार दाखवलं. "मी तर ह्या अंगाला चाललेय."

केतकीने पिशवीतून मोसंबं काढलं आणि सोलायला घेतलं. सकाळपासून गाडी चालवून आंबलेल्या अंगात उत्तर शोधायचं त्राण नव्हतं. आई गेल्यावर ह्याच थोरल्या बहिणीने तिला वाढवलं होतं, स्वतःची शाळेतली नोकरी सांभाळून शिकवलं होतं. आता तिचं हृदय थकलं होतं आणि फुप्फुसांत पाणी साठत होतं. आणि अक्काला ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण ह्या वॉर्डातलं हे सगळं सरकणं केतकीचंच होतं.

कारखाने, गोदामं, मोठी स्वयंपाकघरं, इस्पितळं यांची मांडणी ठरवणं हा केतकीचा पंचवीस वर्षांचा व्यवसाय. कुठलं यंत्र कुठे ठेवायचं, कुठला विभाग कुणाच्या शेजारी, माल कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार, ते सगळं आधी कागदावर बसवायचं. गणित सगळीकडे एकच. कुठून कुठे किती फेऱ्या होतात ते मोजायचं, प्रत्येक फेरीला अंतराने गुणायचं आणि सगळ्याची बेरीज होईल तितकी खाली आणायची. ज्या दोन जागांमध्ये येजा जास्त, त्या शेजारी. ज्यांचा एकमेकींशी संबंध नाही, त्या लांब. साखर कारखान्यात पोतं चालतं, इस्पितळात माणूस चालतो किंवा स्ट्रेचर. फरक एवढाच.

ह्या गणिताची अडचण जुनी होती. भिंत एकदा उभी राहिली की पुढची तीसचाळीस वर्षं तिथून हलत नाही, आणि लोकांची गरज मात्र दर हंगामाला बदलते. पावसाळ्यात तापाचे रोगी, थंडीत दम्याचे. हे मांजराकाठ रुग्णालय बांधायला काढलं तेव्हा केतकीने भिंतींचा प्रश्नच मोडीत काढला. वॉर्ड म्हणजे एक लांबलचक सपाट मजला. बेडांच्या पायांखाली हवेच्या गाद्या. त्यांत हवा सोडली की अख्खा बेड फरशीपासून केसभर उचलला जायचा आणि बोटाने ढकलावा इतका हलका व्हायचा. प्राणवायूच्या नळ्या आणि तारा छतातल्या रुळांवरून बेडाबरोबर चालायच्या. रोग्याच्या मनगटातल्या पट्टीवरून नाडी, श्वास, ताप सगळं एका संगणकाकडे जायचं. तो प्रत्येक रोग्याचा पुढचा प्रवास कुठे असेल, ऑपरेशनला, एक्स-रेला की घरी, याचा अंदाज बांधायचा आणि दुपारी शिफ्ट बदलताना बेड थोडे थोडे त्या त्या दिशेला सरकवायचा. ह्या व्यवस्थेचं नाव केतकीनेच ठेवलं होतं, सारीपाट.

सारीपाट चालला. नर्सांचं चालणं निम्म्यावर आलं. कॅज्युअल्टीतून आलेला हृदयविकाराचा माणूस अँजिओच्या खोलीत पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर पोचू लागला. दुसऱ्या राज्यांतून लोक पाहायला आले, आणि केतकी एका शहरातून दुसऱ्या शहरात हीच मांडणी बसवत फिरत राहिली. ह्या वॉर्डात ती दोन वर्षांनी पाऊल टाकत होती, तेही रोग्याची नातेवाईक म्हणून.

संध्याकाळी अक्काला झोप लागल्यावर ती नर्सांच्या टेबलाकडे गेली. नाझनीन सिस्टर तिला पहिल्यापासून ओळखत होत्या.

"सिस्टर, अक्काचा बेड मागे का चाललाय?"

नाझनीन सिस्टरांनी हातातलं औषधाचं ताट खाली ठेवलं. "मॅडम, तुम्हाला माहिती नाही?"

"काय?"

"इथं सगळ्यांना माहितीय. आमच्या मावश्या म्हणतात, अमका सरकला. मागच्या लिफ्टच्या बाजूला बेड गेला, की नातेवाईक गावाकडं फोन लावायला लागतात." त्यांनी आवाज खाली आणला. "पहिल्यांदा आम्हालाही योगायोगच वाटला."

मागची लिफ्ट तळघरात जात होती. तळघरात धुलाईघर होतं, आणि त्याला लागून शवागार.

केतकीने जवळची खुर्ची ओढली आणि बसली. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बेडापासून निघणारी प्रत्येक स्ट्रेचरची फेरी मोजायची, असं मांडणी करताना ठरलं होतं. प्रत्येक. तेव्हा बैठकीला डॉक्टर होते, इंजिनियर होते, ती स्वतः होती, आणि कुणालाही त्यात काही खटकलं नव्हतं. सारीपाटाला मरण म्हणजे काय ते कुणी शिकवलं नव्हतं. त्याला फक्त एवढंच कळलं होतं, की काही रोग्यांचा पुढचा प्रवास तळघराकडे होतो; आणि सांगितलेलं काम तो चोख करत होता. ज्याला जिथे जायचंय, त्याला तो तिथे जवळ नेऊन ठेवत होता.

उपाहारगृहामागच्या इंजिनियरांच्या खोलीत तिला अजूनही मुक्त प्रवेश होता. तिने पडद्यावर अक्काचा बेड उघडला. घर, एक्स-रे, ऑपरेशन, तळघर. चार वाटांपैकी सर्वांत जाड रेघ तळघराकडे जात होती.

ती बराच वेळ त्या रेघेकडे पाहत बसली. मग तिने जे केलं, ते तिच्या जागी कुणीही केलं असतं. मणक्याचं हाड मोडलेल्या रोग्याला हलवायचं नसतं, म्हणून बेड जागच्या जागी खिळवून ठेवायची सोय सारीपाटात होती. केतकीने अक्काचा बेड पुढे, नर्सांच्या टेबलाशेजारी आणला आणि खिळवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिफ्ट बदलली, हवेच्या गाद्यांचा बारीक फुसफुसाट सुरू झाला आणि मध्येच थांबला. वॉर्डाच्या मध्यावर एक तरुण बाई बेडाच्या पुढ्यात फरशीवर मांडी घालून बसली होती. समोर माणूस आला की बेड जागेवर थांबत, आणि तो थांबला म्हणून त्याच्या मागचे सगळे थांबले होते.

"प्रणिता, उठ बाळा," नाझनीन सिस्टर तिला म्हणत होत्या. "सगळ्यांचं अडलंय."

"मी उठणार नाही, सिस्टर. मामांना तिकडं न्यायचं नाही."

मामा म्हणजे तिचे सासरे, एकनाथराव सूर्यवंशी. छातीत जंतुसंसर्ग झालेले, डोळे मिटून पडलेले. नवरा दुबईला, त्यामुळे दवाखान्यात ही एकटीच होती.

"काल सकाळी मामा पेज प्यायले," प्रणिता कुणाकडेही न बघता सांगत होती. "मला नावानं हाक मारली. मग आज तिकडं कशाला? काल तर टेबलाशेजारी होते."

सुरक्षारक्षक आला, उगाच उभा राहिला आणि परत गेला. बाईला हात कोण लावणार? तासभर ती तशीच बसून होती. मग पाणी प्यायला उठली. कोपऱ्यातल्या नळाकडे गेली तेवढ्यात वाट मोकळी झाली आणि बेड सरकला. परत येऊन तिने ते पाहिलं. ओरडली नाही, भांडली नाही. पदराने तोंड पुसलं, आपली पिशवी उचलली आणि बेडामागून मागच्या बाजूला चालत गेली.

अक्का उशीला टेकून हे सगळं पाहत होती.

"ते माझ्याऐवजी गेले ना?" तिने विचारलं.

केतकीने तिची उशी सारखी केली.

"काल मी मध्ये होते आणि ते इथं होते. आज मी इथं आहे." अक्काने श्वास घेतला. "तू केलंस?"

"हो."

"काढ ते."

"अक्का, तिकडून टेबल लांब पडतं. बेल वाजवली तरी सिस्टर यायला वेळ लागतो."

"मग त्यांना लागत नाही का वेळ?"

वाक्य साधं होतं, पण केतकी ते घेऊन वॉर्डाच्या मागच्या टोकाला गेली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच उभी राहिली. तिकडे बेल वाजली की टेबलाजवळची नर्स मान वर करायची, हातातलं काम संपवायची, मग निघायची, आणि वाटेत तिला दुसरा कुणीतरी अडवायचा. डॉक्टर फेरीला पुढून सुरुवात करत आणि मागे पोचेपर्यंत त्यांचाही आवाज बसलेला असे. कुणी मुद्दाम काही करत नव्हतं. पण मागे कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असलं की पावलं आपोआप मंदावतात. एकनाथरावांच्या नाकातली नळी निसटली होती. प्रणिता दोनदा टेबलापर्यंत जाऊन आली, तेव्हा कुठे ती कुणीतरी बसवली.

मागे नेलेला माणूस वारला की सारीपाट शिकत होता, अंदाज बरोबर आला. पुढच्या वेळी तशाच माणसाला तो आणखी लवकर मागे नेत होता.

रुग्णालयाचे संचालक डॉक्टर पाटवदकर केतकीपेक्षाही दमलेले दिसत होते. तिचं सगळं बोलणं त्यांनी मध्ये न तोडता ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं असं नाही," ते म्हणाले, "पण माहीत नव्हतं असंही म्हणता येणार नाही. वॉर्डात काय बोलतात ते कानावर येतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, टेबलाजवळची जागा थोडी आहे. ती कुणाला द्यायची? ज्याला तिचा उपयोग होईल त्याला. आम्ही डॉक्टर हे रोज करतो. फक्त बोलून दाखवत नाही."

"तुम्ही करता तेव्हा आपली चूक होऊ शकते हे तुम्हाला ठाऊक असतं, डॉक्टर. सारीपाटाला त्याची चूक दिसतच नाही. मागे नेलेला माणूस गेला, की त्याचं खरं ठरतं. तो मागे नेला म्हणूनच गेला असेल तर?"

"सिद्ध करता येईल?"

"येईल. पण त्यासाठी अजून माणसं मागे पाठवून बघावी लागतील."

पाटवदकरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांना लावला. "तुमची बहीण इथे नसती, तर तुम्ही हे बोलायला आला असतात?"

"नसते आले," केतकी म्हणाली. "मला हे कळलंच नसतं."

"आणि हे बदललं तर पुढे बेड दाटतील. कॅज्युअल्टीतून अँजिओकडे जायची वाट तिथूनच आहे, तो वेळ वाढेल. दारातून आत आणलेला माणूस अडकून पडेल. तो कुणाचातरी भाऊ असेल, पण तो तुम्हाला येऊन विचारणार नाही."

"मला ठाऊक आहे."

"एक महिना," ते अखेर म्हणाले. "बिघडलं तर पहिल्यासारखं करायचं. आणि जबाबदारी दोघांची."

केतकीने दोन दिवस खपून गणित बदललं. तळघराची फेरी हिशेबातून काढून टाकली. ज्याची प्रकृती जितकी नाजूक, त्याचं टेबलापासूनचं अंतर तितकं महाग धरलं. अक्काच्या बेडाचा खिळाही काढला. सोमवारी दुपारी बेड पुन्हा चालू लागले, तेव्हा घरी जायच्या बेतात असलेले धडधाकट रोगी मागच्या लिफ्टकडे गेले आणि कण्हणारे, धापा टाकणारे सगळे पुढे गोळा झाले. एकनाथरावांचा बेड हळूहळू पुढे येत होता आणि प्रणिता त्याच्या कठड्यावर हात ठेवून बरोबर चालत होती.

सोपं काहीच झालं नाही. पुढची बाजू दाटली. घरी जाणाऱ्यांची औषधं घेऊन नर्सांना पार मागच्या टोकापर्यंत जावं लागू लागलं. "पाय गेले मॅडम आमचे," नाझनीन सिस्टर म्हणाल्या, पण त्या तक्रार करत नव्हत्या. नुसतं सांगत होत्या. त्याच आठवड्यात औसा रस्त्यावरून आणलेला चाळिशीतला एक माणूस अँजिओच्या खोलीच्या दारातच गेला. पुढच्या गर्दीतून स्ट्रेचर काढायला वेळ लागला होता. तेवढ्या वेळाने तो वाचला असता की नसता, हे कुणाला सांगता येईना. पाटवदकरांनी केतकीला बोलावलं नाही. फक्त निरोप पाठवला, की असं असं झालं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. मधल्या वाटेत दोन्ही बाजूंनी एकेक हात जागा वाढवता येते का ते ती पडद्यावर बघत बसली. आली, थोडी आली. पण ती त्या माणसासाठी नव्हती.

अक्का टेबलाजवळच होती.

"खिळा काढलास ना?" तिने विचारलं.

"काढला."

"खरं सांगतेस?"

"खरं. आता तू तुझ्याच हिशेबानं इथं आहेस."

अक्काने थोडा विचार केला. "म्हणजे मी जास्त आजारी आहे."

केतकीच्या ओठांवर 'तसं काही नाही' हे शब्द आले होते. इतके दिवस ती तेच बोलत आली होती, आणि ते बोलण्याचाही तिला आता शीण आला होता.

"हो, अक्का."

"किती?"

"फार दिवस नाहीत."

"बरं झालं सांगितलंस," अक्का म्हणाली. "आपलं आपल्याला कळतं गं. पण समोरचा लपवायला लागला, की आपल्यालाही लपवावं लागतं. त्यात फार दम जातो." मग ती म्हणाली, "आता ते मोसंबं सोल. आणि तुझ्या त्या कारखान्यांचं काहीतरी सांग. तू काय काम करतेस ते मला कधी नीट कळलंच नाही."

केतकीने सांगितलं. पुढचे आठदहा दिवस ती रोज सांगत राहिली. बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीपासून पुड्यापर्यंतची वाट सरळ ठेवायची की घोड्याच्या नालासारखी वळवायची, यावर अक्काने मत दिलं. नालासारखी बरी म्हणाली, म्हणजे पहिला माणूस शेवटच्याचं तोंड तरी बघेल. कामगारांचं जेवणघर कडेला का टाकता, असं विचारलं. कधी ऐकता ऐकता झोपून जायची, जागी झाली की पुढचं विचारायची. बहिणी इतक्या बोलल्याला पुष्कळ वर्षं झाली होती.

एकनाथराव त्या मुदतीत घरी गेले. नळी नाकातच होती, सोबत प्राणवायूचं लहान यंत्र होतं, पण आपल्या पायांनी दारापर्यंत गेले. केतकीला त्यातून काही सिद्ध करायचं नव्हतं. एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही. प्रणिता निघताना तिला भेटली नाही. केतकी कोण आहे हे तिला माहीतही नव्हतं.

अक्का एका सकाळी चहाच्या वेळेला गेली. तिने बेल वाजवली नव्हती. टेबलावरून नाझनीन सिस्टरांनी तिचा चेहरा पाहिला आणि त्या उठून आल्या. त्यांनी तिचा एक हात धरला, दुसरा केतकीने.

मग तिला खाली न्यायचं होतं. मागची लिफ्ट अक्काच्या ह्या जागेपासून वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, पार लांब होती. पूर्वी असा माणूस मागच्या मागे, कुणाला न दिसता जायचा. दुपारी उठलेल्या लोकांना फक्त एक जागा रिकामी दिसायची. आता अख्खा वॉर्ड ओलांडावा लागणार होता.

"दुसऱ्या कुणाला बोलवू का?" नाझनीन सिस्टरांनी विचारलं. "तुम्ही दमलात."

"नको. मीच ढकलते."

स्ट्रेचर निघालं. पहिल्या दोन बेडांवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. एका म्हाताऱ्याने उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा पडल्या पडल्याच हात जोडले. एक माणूस नाश्ता करत होता. त्याने घास खाली ठेवला आणि स्ट्रेचर पुढे जाईपर्यंत थांबला. पाचवीतली एक मुलगी आजीला भेटायला आली होती. तिला कुणीतरी जवळ ओढलं, पण तिचे डोळे झाकले नाहीत. ह्यांतल्या कुणाचीही अक्काशी ओळख नव्हती. केतकीला वाटलं होतं ही वाट तिला सोसणार नाही. ती सोसत होती.

त्याच वेळी पुढचं दार धाडकन उघडलं. कॅज्युअल्टीतून एक स्ट्रेचर पळत येत होतं. वर घामेजलेला कुणीतरी तरुण, शर्टाची बटणं तोडलेली, आणि मागे त्याची माणसं. अँजिओच्या खोलीकडे जायची वाट हीच होती. मधली वाट थोडी रुंदावली होती, तरी तिच्यावरून दोन स्ट्रेचरं शेजारून निघणार नव्हती.

ते स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय दोन्हींकडे बघत घोटाळला. मेलेल्या माणसाला मध्येच अडवून बाजूला करायचं, तेही नातेवाईक समोर असताना, हे कुणाच्या तोंडून निघेना.

केतकीने हँडल घट्ट धरलं आणि अक्काचं स्ट्रेचर स्वतःच दोन बेडांच्या मधल्या जागेत ओढलं. चाक अडलं, तेव्हा गुडघ्याने रेटलं. ती बेडाच्या कडेला पाठ चिकटवून उभी राहिली.

"आधी ते जाऊ दे," ती म्हणाली.

स्ट्रेचर समोरून गेलं. त्या तरुणाची आई त्याचं नाव घेत पळत होती. तिचा पदर अक्काच्या चादरीला लागून गेला. अँजिओच्या खोलीचं दार उघडलं आणि बंद झालं. वर लाल दिवा लागला.

नाझनीन सिस्टर वाट बघत होत्या. "जायचं, मॅडम?"

केतकीने अक्काच्या पायावरून सरकलेली चादर नीट केली, आणि दोघींनी स्ट्रेचर पुन्हा वाटेवर घेतलं.